किती जणांना विचारलं?

सामाजिक कामावरचं किंवा चळवळीवरचं नवं मराठी पुस्तक आलं की एक ठरलेला वाद सुरू होतो. पुस्तक कार्यकर्त्याचं असेल तर विद्यापीठातली मंडळी विचारतात, यात संशोधन कुठे आहे, किती जणांना विचारलं, ज्यांना विचारलं त्यांचा नमुना कसा निवडला? पुस्तक प्राध्यापकाचं असेल तर चळवळीतली मंडळी विचारतात, हे वस्तीत किती रात्री राहिले, मोर्च्यात कधी चालले? एकाकडे अनुभव, दुसऱ्याकडे पद्धत, आणि दोघंही आपल्याकडचं आहे ते समोरच्याला गप्प बसवायला वापरतात. पुस्तकात जे लिहिलंय ते खरं आहे का, हा साधा प्रश्न या गदारोळात बाजूलाच पडतो. परीक्षणं लिहिली जातात, परिसंवाद होतात, आणि पुस्तकातला एकही दावा कोणी तपासून पाहत नाही.

हा वाद चुकीच्या जागी मांडला जातो आहे, असं माझं ठाम मत आहे. लेखक कोण, याने काही ठरत नाही. लेखकाला हे कसं कळलं, ते पुस्तकाने वाचकाला सांगितलं की नाही, याने ठरतं. कोणत्या गावांत गेलो, कोणत्या महिन्यांत गेलो, प्रश्न कोणी विचारले, किती जण बोलले, किती जणांनी दार लावून घेतलं, कोण आमच्या नजरेतून सुटलं. एवढं सांगायला आठ पानं पुरतात. आपल्याकडे पुस्तक सोळा पानांच्या फर्म्याने छापतात, म्हणजे हा अर्ध्या फर्म्याचा खर्च आहे. तेवढं ज्या पुस्तकात नाही त्यावर वाचकाने विश्वास का ठेवावा? ही मागणी विद्यापीठाची म्हणून बाजूला सारता येणार नाही. ती मुळात चळवळीचीच सवय होती, आणि आपण ती घालवून बसलो आहोत.

या मागणीविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप आधी घेतो, कारण तो खरा आहे. ‘किती जणांना विचारलं?’ हा प्रश्न दुबळ्याची साक्ष मोडीत काढण्यासाठी वर्षानुवर्षं वापरला गेला आहे. नवऱ्याने मारलं असं सांगणाऱ्या बाईला, पाणवठ्यावरून हाकलल्याचं सांगणाऱ्या दलित माणसाला पुराव्याच्या नावाखाली उभं-आडवं तपासायचं आणि मारणाऱ्याला काहीच विचारायचं नाही, ही रीत कोणाला ठाऊक नाही? शिवाय मोजणी हे मुळात राज्यकर्त्यांचं हत्यार. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती यादीत चढवल्या. त्या लोकांसाठी नोंदणी म्हणजे चौकीवरची हजेरी होती. १९०१ च्या जनगणनेत ब्रिटिश जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची उच्चनीच क्रमवारी लावायला घेतली, आणि त्यांच्या मानववंशशास्त्रात माणसांची नाकं मोजून वंश ठरवले जात होते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना असं मोजलं गेलं, त्यांनी फॉर्म हातात घेऊन आलेल्या माणसाकडे संशयाने पाहिलं तर त्यात त्यांचं काय चुकलं? ‘आमचं जगणं हाच आमचा पुरावा’ हे वाक्य हवेतून आलेलं नाही.

आक्षेप मान्य करूनही एक भेद सांगावा लागतो. माणूस स्वतःचं जगणं सांगतो तेव्हा ती साक्ष असते. तिला नमुना लागत नाही, टक्केवारी लागत नाही. टक्केवारी मागणाऱ्याला ऐकून घ्यायचं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. पण तोच लेखक पुढच्या पानावर ‘या भागातल्या बहुतेक बायका’ असं लिहितो तेव्हा त्याने मोजणी केलेली असते. ‘बहुतेक’, ‘सर्रास’, ‘घरोघरी’, ‘हजारो’ ही सगळी संख्यावाचक विधानं आहेत. फक्त आकडा झाकलेला आहे. मोजणी तर केली, मग ती दाखवायची का नाही? साक्षीला मिळणारा आदर या झाकलेल्या मोजणीला फुकट मिळावा, ही अपेक्षा मला पटत नाही. त्याने साक्षीचंही नुकसान होतं. ‘बहुतेक’ खोटं ठरलं की विरोधक त्याच्यासोबत त्या एका बाईचं खरं बोलणंही फेकून देतात.

राज्यकर्त्यांच्या मोजणीला उत्तर कशाने दिलं गेलं, हेही आठवावं. अमेरिकेत काळ्या माणसांना झुंडी फासावर लटकवत होत्या आणि ‘ते बलात्कारी होते’ असं समर्थन देत होत्या, तेव्हा आयडा वेल्स या काळ्या पत्रकार बाईने आधी १८९२ मध्ये आणि मग १८९५ मध्ये पुस्तिका काढल्या. आकडे कुठून घेतले? गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांत छापून आलेल्या याद्यांमधून, म्हणजे वाढवून सांगितल्याचा आरोप कोणाला करता येऊ नये. त्या याद्यांतूनच त्यांनी दाखवलं की मारल्या गेलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. समर्थनाचा पायाच काढून घेतला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना इथे पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हाही तेच केलं. सरकारी कामाचे मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, गावासमोर वाचून दाखवायचे, नाव पुकारायचं, आणि त्या माणसाने उभं राहून सांगायचं की मी या कामावर होतो की नव्हतो. मेलेल्यांची नावं मजुरी घेताना सापडली. माहितीच्या अधिकाराची लढाई या वाचनातून वर आली. जिथे घोषणा थकतात तिथे मस्टरच्या ओळी बोलतात, हे त्या गावकऱ्यांना कोणत्या विद्यापीठाने शिकवलं होतं?

आपल्याकडचा दाखला तर याहून जुना आहे. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्याची सुरुवात कशी आहे, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे. शिक्षणाबाबतचा माझा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असं ते आधी सांगतात. मग कोणत्या शाळा काढल्या, किती वर्षं त्यांच्याशी संबंध होता, ते सांगतात. आपल्या माहितीचं कुंपण स्वतः आखून दिल्यावर मगच ते सरकारला बोल लावतात: रयतेकडून वसूल झालेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का जातो, बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं का नाही, शिक्षकाला किमान बारा रुपये पगार का नाही. ज्याला आज ‘संशोधनाची व्याप्ती आणि मर्यादा’ म्हणतात आणि प्रबंधात पान भरण्यापुरतं लिहितात, ते फुल्यांच्या तोंडी पहिल्याच वाक्यात आहे. त्याने निवेदनाची धार बोथट झाली का? उलट पुणे आणि परिसराबद्दल या माणसाला खोडून काढणं अवघड झालं.

१९१७ मध्ये कृषिशास्त्रज्ञ हॅरल्ड मान यांचा पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये तिथलं सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, सुमारे ४० एकर होतं, १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आलं होतं. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून जास्त तुकड्यांत विखुरली होती. शेती परवडत नाही कारण तुकडे झाले, ते एकत्र करा, असा तेव्हाचा सरकारी सूर होता. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी धारणक्षेत्राच्या प्रश्नावर लेख लिहून या विचाराची उलटतपासणी केली: जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही; त्यावर लावायला बैल, अवजारं, भांडवल किती आणि त्यावर पोट भरणारी माणसं किती यावर ठरतं; तेव्हा जादा हात शेतीतून उद्योगात गेले पाहिजेत. गावाचे आकडे एकाने मोजावेत आणि त्याच प्रश्नावर दुसऱ्याने आकड्यांच्याच भाषेत उलट निष्कर्ष काढावा, ही खरी वादाची रीत. कार्यकर्ता मोठा की संशोधक, असा प्रश्न त्या पिढीला पडत नव्हता. शिकागोच्या हल हाउसमध्ये गरीब वस्तीत राहून काम करणाऱ्या बायकांनी १८९५ मध्ये घरोघरच्या मजुरीचे रंगीत नकाशे छापले, तेव्हा त्यांनाही पडला नव्हता. समाजकार्य आणि समाजशास्त्र यांची दोन वेगळी दारं नंतर बसवली गेली.

आजच्या काळातलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन गावं, ६५० स्त्रिया, त्यांतल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग. हा आकडा जगभर गेला याचं कारण त्याच्या छेदात, म्हणजे कोणांपैकी मोजलं यात आहे. दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजल्या असत्या तर ‘आजारीच बाई दवाखान्यात येते’ असं म्हणून कोणीही तो उडवून लावला असता. इथे गावातल्या बायका तपासल्या होत्या, तक्रार असलेल्या आणि नसलेल्याही. दहा वर्षांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास आला, त्यात ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावांत नुसती नोंद ठेवली. काम केलेल्या गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण दुसऱ्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तुलनेची ४७ गावं नसती तर काय झालं असतं? ‘रस्ते आले, पाऊसपाणी बरं झालं, मृत्यू आपोआपच घटले’ हे वाक्य ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि त्याला उत्तर नसतं. आपल्याकडच्या बहुसंख्य संस्थांच्या पुस्तकांत ‘आम्ही आलो तेव्हा’ आणि ‘आज’ अशा दोनच ओळी असतात. मधल्या काळात शेजारच्या, संस्थेचं पाऊलही न पडलेल्या गावात काय झालं, ही तिसरी ओळ नसते. ती नसली की सगळं श्रेय संस्थेचं ठरतं.

एक गोष्ट जरा जवळून पाहू. ऊसतोड कामगारांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. समजा एखाद्या संस्थेने बीड जिल्ह्यातल्या एका गावात डिसेंबर महिन्यात घरोघर जाऊन पाहणी केली. दोनशे घरांपैकी सत्तर घरांना कुलूप. कार्यकर्ते दमतात आणि उघड्या घरांचे फॉर्म भरून निघतात. अहवालात येतं, ‘१३० कुटुंबांच्या पाहणीत असं आढळलं’. पण कुलूप लावून गेलेले कोण? ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की निघून मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडावर राहणारे, म्हणजे ज्यांच्यासाठी पाहणी केली तेच. गावातली गरिबी, शाळागळती, कर्ज हे सगळं त्या पाहणीत प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसणार, आणि कोणीही खोटं बोललेलं नसणार. आता हीच पाहणी फडावर जाऊन केली आणि मुकादमाच्या वहीवरून संख्या घेतली तर दुसरा घोटाळा. मुकादमाच्या हिशोबात एकक असतं ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा पुरुषाच्या हातात, नाव त्याचं. वहीत ‘४० कोयते’ असेल आणि पाहणी करणाऱ्याने फॉर्मवर ‘४० कामगार’ लिहिलं तर चाळीस बायका त्या एका रकान्यात नाहीशा झाल्या. पहाटे उठून स्वयंपाक करून, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणारी बाई पुस्तकातूनही गेली. वीस वर्षांचा जिव्हाळा असलेला कार्यकर्ता ही चूक करू शकतो आणि काल आलेला विद्यार्थीही. वाचकाला ती पकडता येते, पण केव्हा? पाहणीचा महिना आणि एकक पुस्तकात लिहिलेलं असेल तेव्हाच.

याच कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. भाषणांत आणि लेखांत तेरा हजारांचा आकडा फिरला. ब्याऐंशी हजारांचा फारसा कोणी सांगितला नाही. भागाकार केला तर सुमारे १७ टक्के येतात. तिथेही थांबता येत नाही. कोणत्या वयाच्या बायका? पस्तिशीच्या आतल्या किती? त्याच वयाच्या, पण तोडीला न जाणाऱ्या बायकांत प्रमाण किती? हे प्रश्न विचारणारा माणूस त्या बायकांचा शत्रू नाही. तरुण वयातल्या बाईचं गर्भाशय काढलं गेलं, ही गोष्ट वयाच्या रकान्यामुळेच उघडी पडते. नाहीतर ‘उतारवयात बायकांचं होतंच’ या एका वाक्याखाली सगळं झाकलं जातं.

व्याख्येचा प्रश्न तर याहून मोठा. शेतकरी आत्महत्यांवरच्या कितीतरी पुस्तकांत दोन-तीन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. मदतीसाठी ‘पात्र’ ठरलेली प्रकरणं हा एक आकडा: त्याला कुटुंबाच्या नावावर सातबारा हवा, मान्यताप्राप्त कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. पोलीस नोंदीवरून तयार होणारा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा वेगळा, आणि २०१४ पासून त्यात शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दाखवले जातात. २०१३ आणि २०१४ चे आकडे शेजारी ठेवून ‘घट झाली’ किंवा ‘लपवलं’ म्हणणारा लेखक यांपैकी काय वाचत असतो? आणि जिच्या नावावर सातबारा नाही अशी शेतात राबणारी बाई गेली तर ती बऱ्याचदा ‘गृहिणी’ म्हणून नोंदली जाते. तिला शेतकरी मोजायचं की नाही, हा चळवळीचा प्रश्न आहे, आणि तो व्याख्येच्या परिच्छेदातच लढला जातो. तो परिच्छेद कंटाळवाणा म्हणून गाळणाऱ्या लेखकाने ही लढाई न लढताच सोडलेली असते.

आता विद्यापीठाच्या बाजूकडे वळायला हवं, कारण तिथे पद्धतीचं प्रकरण असतं आणि तरीही काही कळत नाही. ठरावीक साचा आहे: संशोधनाच्या पाच व्याख्या, प्राथमिक व दुय्यम साधनं, उद्दिष्टं, गृहीतकं, ३०० चा नमुना ‘सोयीस्कर पद्धतीने’ निवडलेला, मग कोष्टकं, काई वर्ग ही संख्याशास्त्रातली चाचणी आणि ‘गृहीतक सिद्ध झाले’. सोयीस्कर म्हणजे कोणाच्या सोयीने? एसटी थांब्याजवळच्या वस्तीतले, सकाळी अकरा वाजता घरी सापडणारे. त्यांतून आलेल्या संख्येवर नमुन्यातल्या यादृच्छिकतेची, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडीची अट असलेली चाचणी लावली की गणित बरोबर येतं आणि अर्थ शून्य. चाळीस माणसांपैकी सतरा म्हणजे ‘४२.५० टक्के’ असं दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं. इथे एका माणसाने मत बदललं तर अडीच टक्के हलतात. प्रश्नावली परक्या भाषेतून उचललेली: ‘अतिशय सहमत’ ते ‘अतिशय असहमत’ असा पाच पायऱ्यांचा जिना. खेड्यातली म्हातारी घरी आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून प्रत्येक विधानाला ‘हो बाबा’ म्हणते, आणि ती शंभर टक्के समाधानी ठरते. ‘तुमच्या वस्तीत पाणी आणि शौचालयाची सोय पुरेशी आहे का?’ असा एक प्रश्न विचारायचा, ज्यात पाणी आहे पण शौचालय नाही त्याने काय उत्तर द्यावं? गेल्या वर्षात किती दिवस काम मिळालं, असं एका दमात विचारलं तर कोणाला आठवतं? पोळ्यापर्यंत किती, पोळा ते दिवाळी किती, दिवाळी ते संक्रांत किती, असं सणांच्या खुंट्यांवर टांगून विचारलं तर माणूस बोटं मोजत बऱ्यापैकी सांगतो. हे शहाणपण कार्यकर्त्याकडे असतं आणि प्रबंधात दिसत नाही. म्हणून चळवळीतल्या लोकांनी या प्रकरणाला कर्मकांड म्हटलं तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहीन. पण बिघडलेल्या तराजूवर उपाय काय, तराजूच नको म्हणायचं?

‘आम्हाला वेळ नाही, पैसा नाही’ हा पुढचा आक्षेप, आणि काम करणाऱ्या माणसाच्या तोंडी तो शोभतो. तरीही हिशोब करून पाहू. हजार घरांची वस्ती आहे. आधी दोघांनी गल्लीगल्लीतून फिरून स्वतःची घरयादी करायची. मतदार यादी किंवा रेशनकार्डांची यादी चालत नाही, कारण भाड्याने राहणारे आणि नुकते आलेले तिथे नसतात. मग एक ते पाच या आकड्यांची चिठ्ठी टाकायची. तीन आला तर तिसरं, आठवं, तेरावं असं दर पाचवं घर. दोनशे घरं झाली. एका फॉर्मला अर्धा-पाऊण तास. एक माणूस दिवसाला पाच-सहा घरं नीट करतो, चौघं मिळून वीस-बावीस. नऊ-दहा दिवस, वर बंद घरांना संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी पुन्हा जायला दोन दिवस. दारू, मारहाण, पाळी असे प्रश्न असतील तर बाईला बाईनेच विचारायचे, आणि सासू समोर बसली असेल तर त्या दिवशी विचारायचेच नाहीत. फॉर्म पक्का करण्याआधी दहा घरांत वापरून पाहायचा. कोणते प्रश्न अडतात ते पहिल्या संध्याकाळीच कळतं. पंधरा दिवसांचं काम झालं. वीस वर्षांच्या कामावर पुस्तक लिहायला बसलेल्या माणसाला हे पंधरा दिवस खरंच जड आहेत? ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी मोजणी करू नये, पण मग ‘बहुतेक’ न लिहिता ‘मला भेटलेल्या साताठ जणींपैकी’ असं लिहावं. त्याने पुस्तकाचं वजन कमी होत नाही.

सगळं उघड सांगितलं तर बोलणारे अडचणीत येतील, ही भीती मात्र गंभीर आहे, आणि इथे निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. केवळ नाव बदलून भागत नाही. ‘सरपंचाची धाकटी विधवा सून’ असं लिहिलं तर गावाला नावाची गरजच उरत नाही. गाव, वय, नातं, घटनेचा महिना यांतल्या किमान दोन खुणा पुसाव्या लागतात किंवा दोघींच्या हकिकती एकत्र कराव्या लागतात. कोणाला कोणता क्रमांक दिला ती वही मुलाखतींपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी लागते. आणि काय बदललं आहे, कोणत्या प्रकारचं बदललं आहे, हे पुस्तकात सांगावं लागतं, नाहीतर वाचक बदललेल्या तपशिलावरूनच निष्कर्ष काढत बसतो. पद्धत सांगणं आणि माणसाला उघडं पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे जमत नसेल तर ती हकिकत छापू नये. हकिकतीवाचून पुस्तक अडत नाही.

चळवळींच्या इतिहासाच्या पुस्तकांत एक उणीव वारंवार दिसते आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. मुलाखती टिकून राहिलेल्यांच्या घेतल्या जातात. जो पुढारी झाला तो बोलतो; दोन वर्षं तुरुंगात जाऊन आला आणि मग घर चालवायला कारकुनी धरून बाजूला झाला, त्याच्यापर्यंत कोणी जात नाही. संप फसला तेव्हा कामावर परत गेलेल्यांची बाजू नसतेच. भाकऱ्या थापून शेकडो माणसं जेवू घालणाऱ्या बायकांची तर ‘महिलांचा सहभाग लक्षणीय होता’ या एका ओळीत वासलात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेऊन १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध केलं, तेव्हा जुनी कागदपत्रं चाळण्यासोबत त्या बायकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. तोपर्यंतच्या इतिहासात ही नावं नव्हती, याचं कारण त्यांनी काम केलं नव्हतं असं नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ‘किती जणांना विचारलं?’ हा प्रश्न इथे दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो. तो जर आधीच्या इतिहासकारांना कोणी विचारला असता, तर त्यांना ‘पुरुषांना विचारलं’ असं कबूल करावं लागलं असतं.

वाचक हे वाचणार नाही, प्रकाशक छापणार नाही, असं सांगितलं जातं. ज्या वाचकाला शिक्का मारून पुरस्कारप्राप्त भावनाच हवी आहे तो वाचणार नाही, खरं आहे. पण समाजकार्याचा विद्यार्थी, तालुक्याचा पत्रकार, दुसऱ्या जिल्ह्यात तेच काम सुरू करणारी मुलगी हे लोक पुस्तक वापरायला घेतात. त्यांना प्रेरणेइतकीच प्रश्नावलीची प्रत हवी असते. प्रश्न जसाच्या तसा छापलेला असेल तर ती मुलगी तोच प्रश्न आपल्या गावात विचारते आणि दोन गावांची तुलना पहिल्यांदा शक्य होते. शिवाय भाषेचा मुद्दा आहे. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांची पाहणी इंग्रजीत लिहिली जाते, कारण देणगीदार इंग्रजी वाचतो; मराठी पुस्तकात त्यातल्या गोष्टी येतात आणि कोष्टकं इंग्रजी अहवालात राहतात. ज्यांना मोजलं त्यांच्या भाषेत गोष्ट आणि ज्याने पैसे दिले त्याच्या भाषेत हिशोब, ही वाटणी मला अन्यायाची वाटते. छेद, नमुना, नकार, तुलनेचं गाव हे शब्द बचत गटाच्या बैठकीत समजतात. मस्टर वाचून दाखवलेलं समजतं तर हेही समजेल.

यातलं पुष्कळसं काम तर झालेलंच असतं, फक्त ते पुस्तकापर्यंत येत नाही. जुन्या संस्थेच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकांत भरलेले फॉर्म, बैठकांच्या वह्या, दैनंदिन्या पडून असतात. कार्यालय हलतं तेव्हा त्या रद्दीत जातात, किंवा वाळवी लागते. पुस्तक लिहायला बसण्याआधी त्या खाली उतरवाव्यात, गाव आणि महिना लिहून गठ्ठे बांधावेत, प्रत्येक गठ्ठ्यातले फॉर्म मोजावेत, कोरे आणि अर्धवट वेगळे काढावेत, आणि मोबाइलवर का होईना, पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवावेत. ज्या वर्षाचे गठ्ठे सापडत नाहीत ते वर्ष कागदावर लिहून ठेवावं. ‘कसं कळलं’ या प्रकरणाचा पहिला परिच्छेद तोच असतो.